डफावरची थाप

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी दिवाळीच्या सुटीआधीच सुरू होते. या वर्षी सातवीच्या मुलांनी पोवाडा घ्यायचे ठरवले. फेट्यांसाठी कुणी आईची जुनी लुगडी आणली, कुणी ताईच्या ओढण्या. डफ पुठ्ठ्याचा केला आणि त्यावर रंगीत कागद चिकटवला. तुणतुणे मात्र खरे मिळाले. गावातल्या एका वृद्ध गोंधळ्याने ते आधी नाही-हो करत, आणि मग "तार जपा रे पोरांनो" असे चारदा बजावून दिले.

तालमीच्या मधल्या विसाव्यात शाहिराचे काम करणारा मुलगा माझ्यापाशी आला. आदल्याच दिवशी इतिहासाच्या तासाला मी नाशिकच्या बाबाराव सावरकरांची हकीकत सांगितली होती. तो म्हणाला, "गुरुजी, गाणी छापली म्हणून सरकारनं खरंच जन्मठेप दिली?"

मी म्हटले, "दिली."

"पण गाण्यात असं असतं तरी काय?"

तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो. शाळामास्तराला घंटा पुष्कळदा तारून नेते. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला. फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांसमोर तोच प्रश्न मांडावा, आणि त्या मुलाला जे त्या वेळी सांगता आले नाही ते येथे सावकाश सांगावे, असा विचार आहे.

गाण्यात आणि नाटकात काय असते हे प्रजेच्या आधी राज्यकर्त्यांनी ओळखले होते. बंगालमध्ये दीनबंधु मित्र यांनी १८६० साली निळीच्या मळेवाल्यांचे जुलूम दाखवणारे 'नीलदर्पण' हे नाटक लिहिले. त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल रेव्हरंड जेम्स लाँग या गोऱ्या पाद्र्यालाच १८६१ मध्ये एक महिन्याची कैद आणि हजार रुपये दंड झाला. पुढे १८७६ साली कलकत्त्याच्या ग्रेट नॅशनल थिएटरने एका बड्या राजनिष्ठ गृहस्थाची टिंगल करणारे प्रहसन रंगवले, तेव्हा सरकारचा धीर सुटला. त्याच वर्षी नाट्यप्रयोगांचा कायदा आला. राजद्रोही, बदनामीकारक किंवा अश्लील वाटेल तो प्रयोग बंद करण्याचा अधिकार सरकारने आपल्या हाती घेतला. हुकूम मोडणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद. गंमत अशी की, ज्यांनी तो केला ते निघून गेले तरी कायदा राहिला. १९५६ साली अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने तो घटनेशी विसंगत ठरवला, आणि कायद्याच्या पुस्तकातून त्याचे नाव पुसले गेले ते २०१८ साली. म्हणजे नाटकाची भीती साहेबाबरोबर बोटीत बसून गेली नाही.

आता ही भीती कशाची? वर्तमानपत्राची भीती असणे समजते. परंतु १९११ च्या शिरगणतीप्रमाणे हिंदुस्थानात शंभरांत जेमतेम सहा माणसांना लिहितावाचता येत होते. उरलेल्या चौऱ्याण्णवांपर्यंत वर्तमानपत्र जात नव्हते. गाणे जात होते. छापखान्याला टाळे ठोकता येते, पुस्तके जप्त करता येतात. पण जत्रेत ऐकलेली चाल बाई दळताना गुणगुणते आणि गडी मोट हाकताना गातो. तिला टाळे कुठे ठोकायचे?

एवढे सांगून मात्र माझे समाधान होत नाही. गाणे लांब जाते हे खरे, पण ते बरोबर काय घेऊन जाते? याचे उत्तर शोधताना मला आपल्या तमाशाच्या फडाकडे वळावे लागते. सोवळ्या घरांनी त्याला वर्षानुवर्षे नाक मुरडले, तरी त्याची घडण पाहण्यासारखी आहे. आधी गण, म्हणजे गणपतीचे वंदन. मग गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, वाट अडवणारा कृष्ण आणि त्याचा पेंद्या. शेवटी वग, एखादी राजाराणीची कथा. या वगात एक असामी असते ती सोंगाड्या. राजाने हुकूम सोडला की सोंगाड्या विचारतो, "का?" प्रधानाने मोठा शब्द वापरला की तो त्याचा अर्थ विचारतो, आणि अर्थ सांगता सांगता प्रधानाची फजिती होते. समोर मातीत बसलेला कुणबी पोट धरून हसतो. ज्या पाटलापुढे किंवा सावकारापुढे त्याला दिवसा मान वर करता येत नाही, त्याच्याच जातकुळीच्या माणसाला रात्री कुणीतरी जाब विचारताना तो पाहतो. माझ्या मते सगळी मेख येथे आहे.

जोतीराव फुल्यांनी ही मेख फार लवकर ओळखली. १८५५ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी 'तृतीय रत्न' नावाचे नाटक लिहिले. एक जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि त्या गरीब जोडप्याला कर्जात लोटतो, अशी त्याची कथा. तीत एक विदूषक आहे. तो प्रत्येक प्रसंगात तोंड घालतो, प्रेक्षकाच्या मनात येऊ घातलेली शंका आधीच बोलून दाखवतो. नाटकाचा शेवट लग्नाने किंवा राज्याभिषेकाने होत नाही. ते नवराबायको रात्रीच्या शाळेत शिकायला निघतात. माझ्यासारख्या मास्तराला या शेवटाचे अप्रूप वाटले तर वाचकांनी हसू नये. जोतीरावांनी हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे धाडले. कमिटीने ते पसंत केले नाही. ते छापून वाचकांच्या हाती पडायला १९७९ साल उजाडावे लागले. एकशेचोवीस वर्षे एक विदूषक आपले प्रश्न घेऊन कागदांच्या गठ्ठ्यात गप्प बसून होता.

नाटक पडून राहिले, परंतु त्यातली युक्ती मेली नाही. जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि पुढे त्यांच्या अनुयायांतून जलसे निघाले. भीमराव महामुनींसारखे जलसेकार गावोगाव हिंडू लागले. त्यांनी तमाशाची चौकट तशीच ठेवली. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, मागे झील धरणारे सुरतेही तेच. आतला माल मात्र बदलला. गणात निर्मिकाचे स्तवन आले. वगात राजाराणीच्या जागी गावातलीच माणसे आली: मुहूर्त काढणारा भट, खातेवही उघडून बसलेला सावकार, अंगठा उठवणारा शेतकरी, आणि त्याला "आधी वाच, मग अंगठा दे" म्हणणारा सत्यशोधक. चावडीपुढच्या पटांगणात पलित्यांच्या, पुढे गॅसबत्तीच्या उजेडात हे रात्र रात्र चाले. या शतकोत्तर अंतरावरून पाहता मला वाटते, खेड्यातल्या पुष्कळ माणसांच्या दृष्टीने तीच पहिली शाळा होती. पाटी नव्हती, पुस्तक नव्हते. पण "मुलाला शाळेत घाल" हे वाक्य त्यांनी तिथेच ऐकले.

आता नाशिकला जाऊ. गोदाकाठच्या या एका गावात आपल्या विषयाच्या दोन्ही बाजू पाहायला मिळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे सावरकर बंधूंभोवती 'मित्रमेळा' जमला होता. त्यांच्यात गोविंद त्र्यंबक दरेकर नावाचे एक कवी होते. पायांनी अधू, पण त्यांची पदे सबंध नाशकात फिरत. कवी गोविंद म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. अशा कवितांची एक लहानशी पुस्तिका बाबाराव सावरकरांनी छापली. तेवढ्यावरून राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला, आणि जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आमच्या सातवीतल्या मुलाला जे खरे वाटेना ते हेच. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवध' नाटकावर बंदी आली.

'कीचकवध' १९०७ पासून चालत होते. कथा महाभारतातली, विराटाच्या घरची. त्यात इंग्रजाचे नाव नाही, हिंदुस्थानचे नाव नाही. परंतु कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे छळली जाणारी मातृभूमी, समजूत घालणारा युधिष्ठिर म्हणजे नेमस्त आणि भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकाला कुणी समजावून द्यावे लागत नव्हते. व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक लिहिले, त्यात त्याने या नाटकाची मुद्दाम दखल घेतली. नाटकात जे नाव कुणी घेत नव्हते, ते प्रत्येकाच्या मनात कसे उभे राहत होते, याचे त्याला नवल वाटले होते. आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. कीर्तनात हजार वर्षांची कथा ऐकताना शेजारच्या माणसाकडे सूचक पाहण्याची सवय आपल्या बापजाद्यांना होतीच.

या हकीकतीनंतर वीस वर्षे गेली आणि त्याच नाशकात दुसरे गाणे सुरू झाले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रहाला आरंभ झाला. हजारो माणसांची लांबच लांब मिरवणूक निघाली. अग्रभागी बँड वाजत होता आणि त्यामागे शेकडो स्त्रिया चालत होत्या. ज्यांच्यापैकी अनेकांच्या घराण्यांना दुसऱ्याच्या लग्नात, गावाच्या कडेला उभे राहून वाजवणे हे कामच लावून दिलेले होते, ती माणसे त्या दिवशी स्वतःसाठी वाजवत होती. मंदिराचे दरवाजे बंद झाले, आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी हा सत्याग्रह पुढे पाच वर्षे नेटाने चालवला. परक्याची सत्ता जावी म्हणून ज्या गावात गाणी लिहिली गेली, त्याच गावात स्वकीयांनी दार उघडावे म्हणून पाच वर्षे बसावे लागले, आणि तरी ते उघडले नाही. ही गोष्ट मुलांना सांगताना माझा आवाज खाली येतो. पण ती वगळली तर उरलेला इतिहास खोटा होतो.

नाशिक जिल्ह्यातच भीमराव कर्डकांचा जलसा उभा राहिला. सत्यशोधकांचीच वाट, पण गाणारा आता दुसऱ्या पायरीवरचा होता. पूर्वीचा जलसेकार कुणब्याची बाजू मांडत होता. हा स्वतःची मांडत होता. मुलांना शिकवा, दारू सोडा, मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, पाणवठ्यावरचा हक्क सोडू नका, असे विषय वगांतून आणि गाण्यांतून येत. दिवसभर राबून, रात्री मैलोगणती चालत जाऊन ही मंडळी कार्यक्रम करीत. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा यांचे मोल सारखेच, असे बाबासाहेब म्हणाल्याचे आजही आवर्जून सांगतात. पुढे कर्डकांनी या जलशांवर पुस्तक लिहून ठेवले, हे त्यांचे उपकारच. त्याच जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातून नंतर वामनदादा कर्डक आले आणि हजारो गीते गावोगावी पोचवून २००४ साली गेले.

नाशकाहून गाडीत बसले की मुंबई. कापडगिरण्यांचे भोंगे वाजत असतानाचे गिरणगाव आता उरले नाही, पण १९४४ साली तेथे 'लाल बावटा कलापथक' निघाले तेव्हा ते ऐन भरात होते. तिघे शाहीर एकत्र आले. बार्शीचे अमर शेख, द. ना. गव्हाणकर, आणि वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. अमर शेखांचे मूळ नाव मेहबूब पटेल. आई मुनेरबीकडून गळा मिळाला होता आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसालाही तो ऐकू जाई. अण्णा भाऊंची शाळा दीड दिवसाची. लहानपणी आईबापांबरोबर वाटेगावाहून मुंबईला पायी आलेला हा मुलगा दुकानांच्या पाट्या वाचून अक्षरे शिकला असे सांगतात. नात्यातल्या तमाशाच्या फडात तो तयार झाला, आणि स्टालिनग्राडच्या लढाईवर त्याने पोवाडा रचला. वाटेगाव कुठे आणि स्टालिनग्राड कुठे! परंतु कामगार वस्तीतल्या ज्या माणसाने नकाशा कधी पाहिला नव्हता, त्याला ते शहर आपल्या शेजारचे वाटले. अण्णा भाऊंनी गणही बदलला. देवाच्या जागी त्यांनी मायभूमीला आणि तिच्यासाठी राबणाऱ्यांना वंदन केले.

स्वातंत्र्य आले. आता शाहिराला भीती नको होती. पण तमाशावर आणि या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणणारे मुंबईचे सरकार आपलेच होते. तेव्हा 'तमाशा' हे नाव मागे पडून 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले, त्यात अण्णा भाऊंचा वाटा मोठा. नाव बदलले, सोंगाड्या तोच राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी केलेले काम तर सर्वांच्या ओळखीचे आहे. नोव्हेंबर १९५५ पासून मुंबईत आणि इतरत्र गोळीबार झाले, १०५ हुतात्म्यांचा आकडा घराघरांत पाठ झाला, आणि अमर शेख, आत्माराम पाटील, गव्हाणकर यांच्या आवाजाने शिवाजी पार्क भरू लागले. अण्णा भाऊंनी या वेळी एक छक्कड लिहिली. गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने झुरणारा मुंबईचा कामगार, एवढाच तिचा विषय दिसतो. पण ऐकता ऐकता ती गावी राहिलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेले बेळगाव-कारवार होते. 'कीचकवधा'त द्रौपदीचे जे झाले होते, तेच येथे मैनेचे झाले. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले. मैना अजून पलीकडेच आहे.

येथवर वाचून कुणाला वाटेल की डफ हातात आला म्हणजे सत्य आपल्या बाजूला आलेच. तसे नाही. १८९४ नंतर गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी देशप्रेम जागवले, तसे काही मेळ्यांनी शेजारच्या मुसलमानांना लागेल असेही गायले. १९२० नंतरच्या दशकात पुण्यात ब्राह्मणेतरांचा छत्रपती मेळा आणि सनातन्यांच्या बाजूचे मेळे समोरासमोर आले, तेव्हा दोन्हीकडून जे म्हटले गेले त्यातले काही आज मुलांपुढे वाचवणार नाही. तमाशा 'शुद्ध' करण्याच्या भरात जलशांनी नाचगाणे करणाऱ्या बाईला बाहेर ठेवले. फडाचा भार जिने वाहिला होता तिचा प्रश्न विचारायला कुणी सोंगाड्या पुढे आला नाही. आणि ज्यांच्या गळ्यांवर चळवळी उभ्या राहिल्या त्यांचे काय झाले? अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिणारा हा माणूस अखेरीस हलाखीत होता. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख मोटार अपघातात गेले. सभा संपल्यावर डफ कोपऱ्यात टेकवून ठेवावा तसे आपण त्यांना ठेवले, असे वाटल्यावाचून राहत नाही. मीही चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत, म्हणून ही गोष्ट मनाला अधिक लागत असेल.

मग चांगले गाणे आणि भडकवणारे गाणे यांतला भेद ओळखायचा कसा? विद्वानांनी याची उत्तरे दिली असतील. माझी कसोटी तमाशातल्या सवालजवाबाची आहे. सवाल करणारा जर वरच्या पायरीवरच्याला विचारत असेल आणि जबाबाची वाट पाहत असेल, तर ते गाणे ऐकावे. तो जर खालच्या पायरीवरच्याकडे बोट दाखवून हसत असेल आणि त्याला बोलूच देत नसेल, तर ढोलकी कितीही सुरात असो, तेथून उठावे.

दुसऱ्या दिवशी तालीम पुन्हा सुरू झाली. मी त्या मुलाला जवळ बोलावले आणि म्हटले, "काल तू विचारलंस ना, गाण्यात काय असतं? तू विचारलास तसा प्रश्न असतो. एकट्यानं विचारला तर दटावून गप्प करता येतं. गाण्यातून सगळ्या गावानं विचारला की उत्तर द्यावं लागतं, नाहीतर तुरुंग बांधावा लागतो."

त्याने थोडा वेळ विचार केला. त्याला ते पटले की नाही, कळले नाही. मग तो म्हणाला, "गुरुजी, मग हा पुठ्ठ्याचा डफ नको. वाजतच नाही तो."

गोंधळ्याकडे चामड्याचाही एक डफ आहे, असे कळले आहे. सुटी संपली की मागायला जायचे ठरले आहे. या वेळी मुलांनाच पुढे करणार आहे. मागावे कसे, आणि तो "कशाला हवा?" म्हणाला तर काय सांगावे, याची तयारी त्यांची त्यांनीच करायची आहे.